उजवी वहाण

साखराबाई महादेवाच्या देवळाच्या पायरीवर टेकली. डाव्या पायातली वहाण काढली आणि मग उजव्या गुडघ्याखालचे पट्टे सोडू लागली. बघताबघता तिने तो अख्खा पाय काढला, वहाणेशेजारी नीट जोडून ठेवला, पदर खोचला आणि हातांवर भार देत सरपटत गाभाऱ्याकडे निघाली.

पायऱ्यांखाली उभी असलेली तेजश्री ते बघत होती. तो पाय तिने आणि तिच्या सोबत्यांनी विद्यापीठाच्या अभियांत्रिकी संशोधन केंद्रात घडवला होता. खास माळरानावर चालणाऱ्या माणसांसाठी. दगडगोट्यांत तो हवा तसा वळे, चिखलात घसरत नसे, त्यावर उकिडवंही बसता येई. मांजरसुंब्याच्या चौकात मेंढरं रस्त्यापलीकडे नेताना ट्रकखाली पाय गेलेल्या साखराबाईला तो वापरून बघायला दिला होता. पण तिच्याकडून आणि हा पाय दिलेल्या गावोगावच्या इतर बायकांकडूनही एकच निरोप येत होता. बायका पाय काढून ठेवतात. केंद्रातले सर म्हणाले होते, टोचत असणार. कारण सापडत नसेल तर हे काम थांबवलेलं बरं. म्हणून तेजश्री स्वतः आली होती.

देवळाबाहेर मेंढरं आवरत साखराबाईचा नवरा सटवा उभा होता. घरातही असंच चालतं, असं त्याने सांगितलं. माळावर हिचा थाट बघावा, आणि उंबऱ्यापाशी आली की रांगायला लागते. साहेब लोक बुटासगट जेवतात, असं एकदा तो बोलून गेला, तर बाईने दिवसभर अबोला धरला.

सोमवारचा उपास धरलेली साखराबाई कपाळाला भस्म लावून बाहेर आली. तेजश्रीने तिचा गुडघा हाताने चाचपून पाहिला. फोड नाही, लाली नाही.

"दुखत न्हाई, माय," साखराबाई म्हणाली. "लई गुणाचा हाय."

"मग काढता कावून, मावशी?"

"वहाण घालून देवापुढं जाऊ व्हय?"

"मावशी, ही वहाण न्हाई. तुमचा पाय हाय."

साखराबाईने पायरीवरच्या त्या पायाकडे पाहिलं. मग लेकराची समजूत काढावी तशी हळूच म्हणाली, "पायाला बोटं असत्यात, माय."

मजबुतीसाठी त्यांनी त्या पायाचा पुढचा भाग बुटासारखा सलग ठेवला होता. तो एकसारखा, काळा, गुळगुळीत होता. तेजश्रीची नजर आपल्या पायांकडे गेली. ते अनवाणी होते. तिच्या चपला खाली, शेवटच्या पायरीशी पडल्या होत्या. त्या कधी काढल्या, हे तिला आठवतही नव्हतं. इथल्याच युसूफ वडगावात वाढलेल्या पोरीला ते कुणी शिकवावं लागत नाही.

केंद्रात तिने बोटांचा विषय काढला तेव्हा सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. बोटांवर भार येत नाही, मग त्यांचं काम काय? तेजश्री म्हणाली, उंबरा ओलांडायचं. सर हसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच नव्या साच्याचा कागद पुढे ओढला.

नवा पाय घेऊन ती वस्तीवर आली तो दिवसही सोमवारच होता. साखराबाईने पाचही बोटं एकेक करून चाचपली. अंगठ्याच्या नखावरून हात फिरवला. अंगठा आणि शेजारच्या बोटामधल्या फटीत बोट घालून पाहिलं. मग सटवाला डोळ्यांनी खुणावलं.

सटवा आत गेला आणि उतरंडीमागून फडक्यात बांधलेलं एक गाठोडं घेऊन आला. गाठ सोडता सोडता पुटपुटला, "किती डाव म्हणलं, टाकून दे. एकटीचं काय करतीस."

साखराबाई त्या दिवशी देवळापर्यंत कुणाचा हात न धरता गेली. पायरीशी थांबली, पण खाली बसली नाही. पट्ट्यांना हातही लावला नाही.

तेजश्री मागून पोचली तेव्हा आत घंटा वाजत होती. पायरीवर दोन वहाणा जोडून ठेवल्या होत्या. डावी झिजून पातळ झालेली, उजवी जवळजवळ कोरी. पाय दोन्ही आत गेले होते.