काट्यावरचा ट्रॅक्टर

चाकं चार, सिलिंडर सहा, दिवा एक आणि सीटवर माझे वडील, नाना. तालुक्यातला सगळ्यांत ताकदवान जुना ट्रॅक्टर आम्ही ट्रकला बांधून वजनकाट्यावर आणला होता. आजारपणात नानांनीच तो भंगारात काढला. स्टिअरिंग मात्र हट्टाने स्वतः धरलं. दोघांनी त्यांना उचलून वर बसवलं होतं.

“नाना, उतरा की. का तुम्हालाही भंगारात धरू?” भंगारवाला हसला.

“उतरलो तर परत चढता यायचं नाही. आधी असंच मोज.”

काट्यावर आकडा आला, सहा हजार एकशे चाळीस किलो. मग आम्ही नानांना खाली घेतलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्यांदा मोजलं. सहा हजार एकशे. नानांचं वजन चाळीस किलो भरलं.