आखाजीचा खडा

अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, गिरणेच्या दोन काठांवर दोन गावांच्या बाया जमून एकमेकींना शिव्या द्यायच्या, खडे मारायच्या. तो सणाचाच खेळ. नदी ओलांडायची नाही, हा त्याचा नियम. माझ्यासमोर पलीकडे वर्षानुवर्षं ताईबाईच उभी असे. यंदा धरणातून पिण्यासाठी पाणी सोडलं. पलीकडच्या गावाची विहीर त्यावरच भरणार होती, पण आम्ही केळीसाठी नदीत मोटरी टाकल्या. “मोटर काढ, अक्का! बठ्ठं गाव पाणीबिगर शे!” ताईबाई पलीकडून ओरडली. “तुम्हना गावले आंघोळ कधी माहीत व्हती?” मी नेहमीची शिवी हासडली. आमच्या बाया खदखदून हसल्या. एरवी यावर ताईबाईही हसायची. आज तिने हातातला खडा टाकला, दोन्ही हातांनी मोठा दगड उचलला आणि ती नदीत उतरली. आमच्या मोटरींनी घोट्याएवढंच पाणी शिल्लक ठेवलं होतं. तिला अडवायला तेवढं पाणी पुरेसं नव्हतं.