वांझ फुलं

मूल व्हावं म्हणून सात वर्षं शालनचेच दवाखाने झाले, शालनचेच उपास. आता रोज सकाळी जोतिबाला भोपळ्याची फुलं वाहायचं व्रत.

"ज्या फुलामागं इवलं फळ न्हाय, ती वांझ. तेवढीच तोड," सासूनं बजावलेलं. तरी डोंगरउतारावरच्या वेलाला एकही भोपळा धरेना. सासू वैतागली, "वेलच वांझ हाय. टाक उपटून!"

मधपेट्या बघायला आलेला शेजारचा केरबा हसला. "काकू, तुम्ही तोडलीसा ती नर फुलं. त्यातला पराग माश्यांनी न्हेल्याबिगर फळ धरतंय व्हय? वेलाचा काय दोष?"

शालननं परडी खाली ठेवली.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "एकदा ह्यांनाबी दवाखान्यात न्हेऊया की."