हिरवा ठिपका

कंपनीच्या लॅपटॉपवर पाच मिनिटं माउस हलला नाही, की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. पिवळा म्हणजे कामचुकार. तीन महिन्यांपूर्वी मी घर जळालेल्या एका म्हाताऱ्याचा विम्याचा दावा चाळीस मिनिटं फोनवर समजून घेत होते, तेव्हाही मी पिवळीच होते.

सोमवारी नवा मॅनेजर कोडी व्हिडिओ कॉलवर आला. सोबत एचआरच्या बाई.

"वर्ना, दोन महिन्यांत तुमचा ठिपका एकदाही पिवळा झाला नाही. जेवायच्या सुट्टीतसुद्धा! माउस हलवायचं यंत्र लावलंय ना? त्याला बंदी आहे. नोकरी जाईल तुमची."

"यंत्र कसलं डोंबलाचं? घड्याळ आहे."

मी स्क्रीन खाली वाकवून कॅमेऱ्याला टेबल दाखवलं आणि माउस उचलला. खाली मनगटी घड्याळ होतं. त्याचा सेकंदकाटा फिरला, की माउसला वाटतं आपल्यालाच कुणीतरी हलवतंय.

"हे तर त्याहून वाईट!" कोडी ओरडला. "कुठून आणलंत हे?"

"आणलं नाही रे, मिळालं."

मी घड्याळ उलटं करून कॅमेऱ्यासमोर धरलं. पाठीवर कंपनीचं नाव कोरलेलं होतं आणि त्याखाली एक ओळ : 'वर्ना हॅलोरन यांस, पंचवीस वर्षांच्या निष्ठावंत सेवेबद्दल.'

कोडी स्क्रीनजवळ सरकला.

"वाच की," मी म्हटलं. "मोठ्यानं वाच. बाईंनाही ऐकू दे."