सुदर्शनचा डमी लोड

हॅम रेडिओवर ट्रान्समीटर तपासताना आपली बडबड गावभर जाऊ नये, म्हणून अँटेनाऐवजी डमी लोड जोडतात. तो सगळी शक्ती गिळतो आणि नुसता गरम होतो, नवऱ्यासारखा. सुदर्शन या जुन्या मित्राने मला तो स्वस्तात बनवून दिला: बुधवार पेठेतले रेझिस्टर, रंगाचा रिकामा डबा आणि त्यात तेल.

"बिनधास्त बोल. बाहेर काही जात नाही," तो म्हणाला.

रविवारी सकाळी मी डबा जोडला. समोर माझी बायको उत्कर्षा मटार सोलत होती. मी माइकवर माझा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, सांगून बटण सोडलं.

स्पीकरमधून सुदर्शनचा आवाज आला. "त्याला संशय आलाय का, उत्कर्षा?"

एरवी तो तिला वहिनी म्हणतो.

"छे. समोरच बसलेत, डब्याशी बोलतायत." हा आवाज उत्कर्षाचा होता. समोरच्या उत्कर्षाचे ओठ मिटलेले होते.

"काही ऐकलंस का?" मी विचारलं.

"सकाळपासून तुमचंच तर ऐकतेय," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

मी डब्याची वायर उपटली. रेडिओही बंद केला.

"बंद केला त्यांनी," आता डब्यातूनच तिचा आवाज आला. "बोल मोकळेपणानं."