लॅमिनेशन

बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, "क्रेडिट कार्ड जिवापाड जपा," तसा कृष्णात थेट मंगळवार पेठेत जाऊन कार्डाला जाडजूड लॅमिनेशन मारून आला. हरवलंच तर सापडावं म्हणून पाठीमागं पत्त्याची चिठ्ठीही आत घातली, पत्त्याखाली पिन, तोही कार्डाचाच. नृसिंहवाडीच्या गर्दीत पाकीट मारलं गेलं, तशी बायको कडाडली: "अवो, गुप्त नंबर लिवून दिलाय व्हय चोराला? पोरीच्या कॉलेजची फी त्याच कार्डावर भरायची हुती की!" कृष्णात चार दिवस नीट जेवला नाही. पाचव्या दिवशी पोस्टानं कार्ड परत आलं, सोबत चोराचं पत्र: "पावणं, पिन झ्याक लिवलाय, पण कार्ड कुठल्याच एटीएममधी शिरंना. लाईनीतल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या, धक्के खाल्ले. गरिबाची अशी चेष्टा करत्यात व्हय?" कृष्णात पार चक्रावला. आता पोलिसांत जायचं, का लॅमिनेशनवाल्याला पेढे द्यायचे, का चोराची माफी मागायची?