निर्धोक माती

ओक्लाहोमातल्या जमिनीतलं शिसं उपसून खाणवाले विषारी खडीचा डोंगर मागे टाकून पसार झाले. त्यावर घसरगुंडी खेळताना शिशाची धूळ पोटात जाऊन डेल्फीनच्या भावाची बुद्धी कायमची मंदावली. पुढे सरकारने रसायन कंपन्यांवर कर बसवून सफाईचा निधी उभारला, तेव्हा तिच्या आदिवासी जमातीने ठणकावलं, "जमीन आमची, सफाईही आम्हीच करणार." "झेपेल का तुम्हाला?" सरकारी निरीक्षक हसला होता. डोंगराचा शेवटचा ट्रक डेल्फीननेच भरला. आज माती निर्धोक झाल्याचं सांगताना त्याच निरीक्षकाने टोपी काढली. "पोरीला उतरव खाली," मेव्हिस आत्या म्हणाली. डेल्फीनने कडेवरच्या लेकीला पहिल्यांदाच जमिनीवर सोडलं. पोरीने मूठभर माती तोंडात कोंबली. डेल्फीन किंचाळून झेपावली. "अगं, खाऊ दे की!" आत्या खदखदून हसली. "खाणींआधी इथली पोरं अशीच वाढायची." माखलेलं तोंड न पुसताच डेल्फीनने लेकीला गावभर मिरवलं.